मधल्या बाईंची वाटणी

मी डावा बोलतोय. जातीनं स्पीकर, उंचीनं माणसाच्या कमरेच्या वर, अंगानं अक्रोडाचं लाकूड, मुक्काम पोस्ट सोनई. माझा जोडीदार उजवा. आवाजात तो माझ्या तोडीस तोड आहे, पण स्वतःबद्दल सांगायची त्याला हौस नाही. ती सगळी माझ्याच वाट्याला आली.

आधीच सांगून ठेवतो, शाळा काही मी शिकलेलो नाही. जे शिकलो ते दुकानात उभं राहून, गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघत. तेव्हा बोलण्यात मधूनमधून व्यापार डोकावेल, तेवढं सांभाळून घ्या.

जन्म परदेशातला. लांब उत्तरेकडे एक मुलूख आहे, तिथे थंडीमुळे माणसं बराच काळ घराबाहेर पडत नाहीत. आत बसून करायचं काय? म्हणून ऐकायच्या वस्तू ती मन लावून घडवतात. आमच्या दोघांच्या अंगावरचा लाकडाचा पापुद्रा एकाच झाडाच्या एकाच फळीतून सोललेला. माझ्यावरची रेघ जिथे डावीकडे वळते, तिथे उजव्याची उजवीकडे. समोरासमोर उभं केलं तर आरशात बघितल्यासारखं वाटतं. आम्हाला खोक्यात भरणाऱ्या कारागिरानं वर चिठ्ठी डकवली होती, ही जोडी सुटी विकू नये. चिठ्ठी त्याच्या भाषेत होती. पुढे ती कुणाला वाचता आली नाही, आणि सगळं रामायण तिथूनच सुरू झालं.

पुण्यातल्या एका मोठ्या दुकानात आम्ही पहिल्यांदा उभे राहिलो. काचेची खोली, गालिचा, आणि आमच्यासमोर एकच खुर्ची. गिऱ्हाइकानं तिच्यात बसायचं, डोळे मिटायचे, गाणं ऐकायचं आणि मत द्यायचं. त्या मतांची मला भारी गंमत वाटे. माणूस कांदा घेताना कांद्याबद्दलच बोलतो, पण स्पीकर घेताना मात्र जेवणाबद्दल बोलतो. एक डॉक्टर म्हणाले, "खालचा आवाज अजून ओलसर आहे. रवा थोडा परतायला हवा होता." लगेच एक वकीलबाई आल्या, त्या म्हणाल्या, "खालचा सुटसुटीत आहे हो, वरचा तेवढा कडेनं करपलाय." एक गृहस्थ पाच गाणी ऐकून म्हणाले, "मला लाकूड दिसलं, माणूस दिसला नाही," आणि चहा प्यायला म्हणून गेले ते अजून परत यायचे आहेत.

दुकानदार मात्र पक्का. डॉक्टरांना म्हणाला, "अगदी बरोबर." वकीलबाईंनाही, "अगदी बरोबर." मी तिथे धडा घेतला की गिऱ्हाइकाच्या कानाशी कधी वाद घालायचा नाही.

एक दिवस सहादेव आला. सोनईत त्याचं आणि त्याच्या धाकट्या भावाचं, राधाकृष्णचं, पाईप आणि पाण्याच्या मोटारींचं सामाईक दुकान. पुढे दुकान, मागे घर. घराला नवा हॉल काढला होता, त्यासाठी दोघं टीव्ही बघायला आले होते. सहादेवचे गुडघे दुखत होते, म्हणून तो काचेच्या खोलीत शिरून खुर्चीत टेकला. दुकानदारानं संधी सोडली नाही, गाणं लावलं. एक बाई गात होत्या, माझ्या बाजूला तबला, उजव्याच्या बाजूला पेटी.

सहादेव ताडकन उठला. टोपी काढली, हात जोडले आणि आम्हा दोघांच्या मधल्या मोकळ्या जागेकडे बघून म्हणाला, "राम राम बाई. बसून गा की, उभ्यानं कशापायी?"

मग त्याच्या लक्षात आलं की तिथे कोणी नाही. तो आमच्या मागे जाऊन वाकून बघून आला. पाईप घेताना लोक बोटाच्या पेरानं टकटक करून बघतात, तसं त्यानं मला वाजवून बघितलं. मग भावाला म्हणाला, "राधा, ह्या बाईंनी सकाळपासून काय खाल्लेलं न्हाई."

"कशावरनं, दादा?"

"आवाज बघ ना, पोटातनं येत न्हाई. छातीतनं येतोय."

दुकानदार म्हणाला, "अगदी बरोबर." आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर दिसलं की हे त्याला खरोखरच पटलंय.

"पण एक आहे, ही जोडीच घ्यावी लागते," तो पुढे म्हणाला.

सहादेव खूश झाला. त्यांच्या घराची रीतच तशी. दोन भाऊ म्हणून मोटारसायकली दोन, कपाटं दोन, गॅसच्या शेगड्या दोन, बायकांना साड्या एकाच रंगाच्या दोन. कुणाला तोंड उघडायला जागाच ठेवायची नाही. वडील गेल्यापासून घर एकत्र टिकलं ते या रीतीवर. त्यानं तिथल्या तिथं बोट दाखवून सांगितलं, "डावा माझा. उजवा तुझा."

दुकानदारानं तोंड उघडलं. त्याला सांगायचं असावं की बाबांनो, हे दोन नग नव्हेत, दोन्ही मिळून एक आहे. पण माल विकला गेला होता, आणि त्याला स्वतःचा नियम आठवला. "अगदी बरोबर," तो म्हणाला.

टीव्ही राहिला. आम्ही टेम्पोत चढलो. दुकानासाठी घेतलेल्या पाईपांच्या भाऱ्यांच्या मधे, गोधड्यांत गुंडाळलेले. केडगाव मागे पडेपर्यंत ते पाईप वाऱ्यानं शीळ घालत होते. सूर बरा होता.

सोनईत सहादेवच्या बायकोनं, रंगुबाईंनी आम्हाला ओवाळलं. राधाकृष्णची बायको ज्योती, तिनं उजव्याला वेगळं ओवाळलं, कारण तो तिच्याकडचा. संध्याकाळी सगळे हॉलमध्ये जमले. सहादेवनं मोबाईलवरून तेच गाणं लावलं. बाई गायला लागल्या.

ज्योती उठून उभी राहिली. "आक्का, आवाज मधनं येतोय. मधी तर साधी फुलदानीबी न्हाई!"

"दिसत न्हाईत म्हंजी नसत्यात का?" रंगुबाई म्हणाल्या. "चांगल्या घरच्या दिसत्यात. अशा जमिनीवर बसवू नगं त्यांना." त्यांनी आतून पाट आणला आणि आमच्या दोघांच्या बरोबर मधे मांडला.

त्या दिवसापासून त्या घरात मधल्या बाई राहायला आल्या. त्यांच्या पाटावरून कोणी ओलांडून जायचं नाही, असं आपोआप ठरून गेलं. झाडू मारायचा तो पाटाभोवतीनं. संध्याकाळी स्वयंपाक झाला की रंगुबाई आणि ज्योती कोथिंबीर, शेंगा, जे काही निवडायचं असेल ते घेऊन पाटाजवळ येऊन बसायच्या. दिवसभर दोघींची तोंडं दोन दिशांना असायची, पण बाई गात असल्या की भांडायची चोरी. पाव्हण्यांसमोर कसं भांडायचं?

संक्रांतीचं हळदीकुंकू आलं तेव्हा ज्योतीला शंका आली. "आक्का, बाई सवाशीण हायेत का?"

"ऐक की जरा," रंगुबाई म्हणाल्या. "ती ओळ संपली की हातातल्या काचंच्या बांगड्या वाजत्यात. हातभर हायेत." हे बांगड्यांचं वाजणं मी जिवापाड जपून आणलेलं. पुण्यातल्या एकाही गिऱ्हाइकाच्या कानाला ते लागलं नव्हतं. पाटावर हळदीकुंकू पडलं, वाण म्हणून स्टीलची वाटी ठेवली, तिळगूळ ठेवला. तिळगूळ मुंग्यांनी नेला, पण बाईंनी नेला असंच धरलं गेलं.

गावातली माणसं ऐकायला यायला लागली आणि जाताना आपापलं मत सांगायला लागली. एक बागाईतदार म्हणाला, "तबला असा लागतोय, जसं उसाच्या मुळाला पानी." शेजारच्या कडूबाई सगळं गाणं पदर सावरून ऐकत बसल्या आणि उठताना म्हणाल्या, "गाती चांगली, पर कुनाशी बोलत न्हाई. शहरातली हाय, मानूसघाणी." पुण्यातल्या लोकांपेक्षा ही मतं मला जास्त पटत. इथे कोणी शिऱ्याबद्दल बोलत नव्हतं. इथे बाईंबद्दल बोलत होते.

पण एक अडचण होती. आमची घडणच अशी की बाई मधे दिसायच्या तर ऐकणाऱ्यानंही बरोबर मधेच बसायला हवं. जरा डावीकडे सरकलात की बाई माझ्याकडे येतात, उजवीकडे सरकलात की त्याच्याकडे जातात. आणि या घरात मधे बसायची पद्धतच नव्हती. रीतीप्रमाणे सहादेव माझ्या बाजूच्या सोफ्यावर, राधाकृष्ण उजव्याच्या बाजूच्या सोफ्यावर.

"बाई आपल्याकडं बसत्यात, बघ," सहादेव एकदा सहज म्हणाला.

"तुमच्याकडं? दादा, रोज माझ्या अंगाला बसत्यात."

"मी काय भैरा हाय?"

"मग मी हाय का?"

दोघंही खरं बोलत होते, तीच तर पंचाईत. खोटं बोलणाऱ्याला कधीतरी पटवता येतं. दुसऱ्या दिवशी सहादेवला संशय आला की धाकट्यानं उजव्याला पुढे ओढलंय. त्यानं मला वीतभर पुढे ओढलं. ते बघून राधाकृष्णनं उजव्याला हातभर पुढे ओढलं. असं आपापल्या खोलीकडे ओढता ओढता आम्ही हॉल ओलांडला. शेवटी मी सहादेवच्या खोलीच्या उंबऱ्यावर आणि उजवा राधाकृष्णच्या खोलीच्या उंबऱ्यावर, असे एकमेकांकडे तोंड करून उभे राहिलो. घरातल्या माणसांना आत-बाहेर करायला आमच्या बाजूनं अंग चोरून सरकावं लागे. पाट मधे एकटा पडला. रंगुबाई गाणं लागलं की तो उचलून बाईंच्या मागे मागे फिरायच्या.

भांडण दुकानात गेलं. थोरला पाईप विकायचा, धाकटा जोड आणि वायसर. बोलणं बंद झाल्यावर थोरला गिऱ्हाइकाला जोड कुठे मिळतील ते सांगेना आणि धाकटा पाईप कुठे आहेत ते दाखवेना. एक शेतकरी नुसते पाईपच घेऊन गेला, सुतळीनं बांधून त्यानं मोटार सुरू केली. शेत कोरडं राहिलं, रस्ता भिजला. तो तसाच ओल्या अंगानं दुकानात येऊन म्हणाला, "तुमच्या घरातल्या बाईमुळं माझा ऊस वाळायला लागला."

आता गावभर झालं. एका रात्रीत... नव्हे, एका चहात ठरलं की वेगळं व्हायचं. दुकान वेगळं, चूल वेगळी, आणि आम्ही दोघं दोन घरांत. हे ऐकलं आणि माझ्या आतल्या तारा गार पडल्या. माणसं वेगळी होतात, पुन्हा लग्नकार्यात भेटतात. डाव्या स्पीकरला कोण लग्नाला बोलावतं?

वाटणीला मामा लागतो. केडगावहून कानिफनाथमामा आले. वयस्कर, सरळ माणूस, उजव्या कानानं ठार बहिरे. त्यांनी रीत सांगितली, "थोरल्यानं वाटे पाडायचे, धाकट्यानं आधी उचलायचा. म्हंजी थोरला आपसूक सारखे पाडतो."

सहादेवनं वाटे पाडले. भांडी, कपाटं, दुकानातला माल, सगळं मुळात दोन दोनच होतं, त्यामुळे चहा गार व्हायच्या आत निम्मं घर वाटून झालं. एका वाट्यात मी, दुसऱ्यात उजवा. मग सहादेव थांबला.

"मामा, मधल्या बाई कुनाच्या वाट्यात धरू?"

"कोन बाई?" मामा दचकले. "राधा, सहादेव, काय भानगड हाय ही? तुमच्या बायकांना म्हाईत हाय का?"

त्यांना सगळं समजावून सांगितलं. आम्हाला उंबऱ्यावरून पुन्हा हॉलमध्ये आणलं. मामांना बरोबर मधे खुर्चीत बसवलं. "मी ऐकतो," मामा म्हणाले, "बाई जिकडं बसतील तिकडचा वाटा." गाणं लागलं. मामांचा चालू कान डावा, माझ्याकडचा. त्यांनी क्षणात निकाल दिला. "बाई थोरल्याकडं."

"मामा, खुर्ची फिरवून बसा," राधाकृष्ण म्हणाला.

मामा आमच्याकडे पाठ करून बसले. आता चालू कान उजव्याकडे. "आरं, बाई धाकट्याकडं गेल्या की!" पुन्हा फिरवलं, पुन्हा थोरल्याकडे. असं बराच वेळ चाललं. मामांना गरगरायला लागलं. शेवटी खुर्चीचा हात धरून ते म्हणाले, "बाईंचं मन ठरत न्हाई. दोघांना दोन खोल्यांत न्या. ज्याच्या खोलीत गातील, त्याच्या."

चौघांनी मिळून मला सहादेवच्या खोलीत नेलं, उजव्याला राधाकृष्णच्या. तारा लांबवल्या, दारं लावली, गाणं लावलं.

इथे जे झालं ते मी प्रामाणिकपणे सांगतो. बाईंचा आवाज आमच्या दोघांतही पुरेपूर भरलेला असतो. दोघं मिळून तो मधे ठेवतो, एवढंच आमचं काम. त्यामुळे एकाच वेळी दोन्ही खोल्यांतून आरोळी आली.

"बाई माझ्याकडं आल्या!"

"बाई माझ्याकडं हायेत!"

दोघं भाऊ धावत बाहेर आले आणि मामांच्या अंगावर आदळले. मामा म्हणाले, "झालं की मग! दोघांना एकेक बाई. ह्याच्यापेक्षा सारखी वाटणी मी जन्मात केली न्हाई." आणि ते पान लावायला बसले.

खोलीत मी एकटाच बाईंना घेऊन उभा होतो. सहादेव पलंगावर येऊन बसला. ऐकत राहिला. तबला होता, पेटी जवळपास नव्हतीच. बाई होत्या, पण पाटावर नव्हत्या, गालिच्यावर नव्हत्या, हवेत कुठेच नव्हत्या. माझ्या पेटाऱ्यात दुमडून बसलेल्या. सहादेव जवळ आला, माझ्या जाळीला कान लावला. त्याचा चेहरा उतरला. पलीकडे राधाकृष्णही तसंच करत असणार, हे मला उजव्याच्या आवाजावरून भिंतीतून कळत होतं. पण सांगायचं कोणी आधी? दोघंही आपापल्या खोलीत "वा, वा" म्हणत होते, एकमेकांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

तेवढ्यात रंगुबाई दार उघडून आत आल्या. पाट काखेत होता. "आवं, हितं कुटं मांडू हा? बाई डब्यात कोंडल्यागत गात्यात."

ज्योतीही पलीकडून बाहेर आली. "आक्का, आमच्याकडंबी कोंडल्यात. मला तर श्वास लागल्यागत झालंय."

दोघी जावा मामांसमोर उभ्या राहिल्या. घरातल्या बायका वाटणीच्या बैठकीत बोलत नाहीत, पण त्या दिवशी बोलल्या.

"मामा, बाईमाणसाची कुटं वाटणी असती का?" रंगुबाई म्हणाल्या. "ह्या आमच्या तिसऱ्या जाऊबाई. वाण दिलंय मी त्यांना. भावांनी वेगळं व्हायचं म्हनलं, म्हंजी मतं दोन. आमची इचारा की."

"आमाला न्हाई वेगळं व्हायचं," ज्योती म्हणाली.

मामांनी पान गालात सरकवलं. "म्हंजी दोनाला दोन. बरोबरी."

"बरोबरी कशी? तीन हायेत आमी."

"बाईंचं मत कसं धरू, पोरी? त्यांनी काय सांगितलं का?"

"सांगितलं न्हाई तर काय!" रंगुबाईंनी रिकाम्या हॉलकडे बोट दाखवलं. "तुमी ह्या दोघांना वेगळं केलं, तशा त्या तिथनं उठून गेल्या. अजून कसं सांगायचं बाईमाणसानं?"

हॉलमध्ये खरंच कोणी नव्हतं. आधीही नव्हतं म्हणा, पण आता ते दिसत होतं. मामा उठले, टोपी नीट केली, म्हणाले, "दोनाला तीन. वाटणी मोडली. मी जेवून जानार."

मला उचलणं एकट्याचं काम नाही. त्यामुळे सहादेवनं मला खालून धरलं आणि वरून धरायला राधाकृष्णला यावंच लागलं. उजव्यालाही तसंच. "हळू, दादा, कोपरा." "पाय बघ तुझा." महिन्याभरात त्यांचं एकमेकांशी हे पहिलं बोलणं. मीच त्या दिवशी जरा जास्त जड झालो होतो, असं उजवा म्हणतो. असेन.

आम्हाला जागेवर उभं केलं. पाट मधे आला. आता समोरची ती एकच खुर्ची. दोघं भाऊ तिच्याकडे बघत उभे.

"बसा, दादा."

"तू बस. तू धाकटा."

कोणीच बसेना. शेवटी ज्योतीनं खुर्ची उचलून बाहेर नेली. राधाकृष्ण खुर्चीच्या जागी खालीच बसला. सहादेव त्याच्या शेजारी टेकायला गेला आणि थबकला. शेजारी बसलं की बाई सरकतात, हे आता सगळ्यांना पाठ होतं. मग भावाच्या मागे जाऊन बसला, अगदी पाठीला गुडघे लागतील इतका जवळ.

"सायकलच्या दांडीवर तू असाच पुढं बसायचा," तो म्हणाला. "डोकं खाली घे जरा. हां. आल्या."

"मधी?"

"बरोबर मधी. तुला?"

"मला बी."

सहादेवच्या मागे रंगुबाई बसल्या, त्यांच्या मागे ज्योती, शेवटी स्टुलावर मामा. एकामागे एक, नळावर हंडे लागावेत तशी पाच माणसं, तोंडं भिंतीकडे, डोळे मिटलेले. बाई गात होत्या.

आजही सोनईत आमचं गाणं असंच ऐकतात. पुढचे जमिनीवर, मागचे पाटावर, त्यामागे स्टूल, मग उभे. फेटा बांधून आलेल्याला शेवटी जावं लागतं. ओळ हॉलमधून दुकानात आणि दुकानातून रस्त्यापर्यंत जाते. नवा माणूस आला की त्याला वाटतं इथे काहीतरी स्वस्त मिळतंय, आणि तो मागे उभा राहतो. मग त्यालाही बाई दिसतात. पाईपांबरोबर जोड पुन्हा मिळायला लागले आहेत.

आता माझंही वय होत चाललंय. आतल्या कागदी पडद्याची रबरी कड जरा वाळलीय. एखाद्या दिवशी मी फाटेन, आणि कोणीतरी शहाणा सांगेल, "डावा गेलाय ना? उजवा चांगला आहे, ठेवा तो." एवढी एकच विनंती करतो. तसं करू नका. उजवा माझ्यासारखा बोलका नाही, तो काही मागणार नाही, म्हणून मी मागतो. ज्या दिवशी मला भंगारात द्याल, त्या दिवशी त्यालाही द्या. दोघांना एकाच काट्यावर ठेवा. आणि काट्यावर ठेवताना, बाबांनो, मधे पाटाएवढी जागा सोडा.